पुस्तकात नसलेला फुगा आणि इंग्रजीच्या तासिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांच्या वाचन सप्ताहात भिंतीवर एक चित्र हमखास दिसते. रंगीत फुगा, खाली टोपली, टोपलीत उंच टोपी घातलेला साहेब आणि वर ठळक अक्षरांत 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. ज्यूल व्हर्नच्या या कादंबरीत ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारण्याची पैज लावणारा फिलिअस फॉग फुग्यात बसतच नाही. आगगाडी, आगबोट, हत्ती, बर्फावरून धावणारी शिडाची गाडी, एवढी वाहने तो वापरतो. फुग्याचे नाव निघते ते अटलांटिक ओलांडायची वेळ येते तेव्हा, आणि तेही 'हे जमण्यासारखे नाही' असे म्हणून सोडून देण्यापुरते. फुगा आला तो १९५६ च्या चित्रपटातून. चित्र काढायला आमची हरकत नाही, पण पुस्तक न उघडताच उपक्रम उरकल्याची ती पावती असते आणि वाईट त्याचेच वाटते. कारण आठवी ते दहावीच्या इंग्रजीच्या वर्गाला इतके सोयीचे पुस्तक दुसरे सहज सापडत नाही. त्यात वेळा आहेत, तारखा आहेत, भाडी आहेत, घासाघीस आहे. मूल मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले तरी त्याचे उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे ठरते. 'गोष्टीचे तात्पर्य सांगा' या प्रश्नात ही सोय नाही.

आधी प्रत कोणती घ्यायची ते सांगतो. मूळ फ्रेंच कादंबरी १८७२ मध्ये पॅरिसच्या 'ल ताँ' या दैनिकात क्रमशः आली. १८७३ मध्ये पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी जॉर्ज टाउल यांचे इंग्रजी भाषांतर. त्याचे हक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे हवी ती पाने छापून वर्गात वाटता येतात. एकूण ३७ प्रकरणे आहेत. ती सगळी वर्गात वाचायचा हट्ट धरू नये. दिवाळीपर्यंतसुद्धा मुंबई येणार नाही. तिसरे प्रकरण (पैज), अकरावे (हत्ती), एकतिसावे (बर्फावरची गाडी), तेहतिसावे (बोटीचे लाकूड जाळणे) आणि सदतिसावे (शेवट) यांतले दीड-दोन पानांचे तुकडे पुरतात. मधली गोष्ट शिक्षकाने तोंडी सांगावी. बाजारातली संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल तर विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: पैजेच्या प्रसंगात प्रवासाचे कोष्टक आहे का, आणि सुएझला घड्याळावरून होणारी बोलाचाली आहे का. या दोन्ही गाळल्या असतील तर ती प्रत परत ठेवावी. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. कोणी मूल घरी मराठीतून गोष्ट वाचून आले तर काही शिक्षकांना ती कॉपी वाटते. उलट गोष्ट माहीत असलेले मूल इंग्रजी वाक्याला कमी घाबरते.

आता कोष्टक. लंडनच्या रिफॉर्म क्लबात पत्ते खेळताना वर्तमानपत्रातला एक हिशेब निघतो: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, हाँगकाँग ते योकोहामा ६, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को २२, तिथून न्यूयॉर्क ७ आणि न्यूयॉर्क ते लंडन ९. बेरीज ८०. हे कोष्टक दोन कागदांवर उतरवायचे. 'अ' कागदावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या टप्प्याचे दिवस द्यायचे, बाकीचे चार रिकामे ठेवायचे. 'ब' कागदावर याच्या उलट. जोडीतल्या एकाकडे 'अ', दुसऱ्याकडे 'ब'. एकमेकांना विचारून रिकाम्या जागा भरायच्या आणि शेवटी बेरीज करायची. ६० मुलांच्या वर्गाला अर्ध्या पानाचे ६० कागद, म्हणजे ३० पूर्ण पाने लागतात. तेवढीही झेरॉक्स परवडत नसेल तर 'अ' कोष्टक समोरच्या फळ्यावर आणि 'ब' मागच्या भिंतीवर लावून जोडीतल्या एकाला उलटे बसवावे.

याची गंमत बेरजेत आहे. एखाद्या जोडीची बेरीज ९७ आली तर गणित चुकलेले नसते, कान चुकलेला असतो: एका ठिकाणी 'थर्टीन'चे 'थर्टी' ऐकले गेले. ११४ आली तर दोन्ही ठिकाणी. शिक्षकाने उच्चारावर व्याख्यान द्यायची गरजच उरत नाही. जोडी स्वतःच मागे जाऊन 'थर्टीन ऑर थर्टी? वन थ्री ऑर थ्री झीरो?' असे विचारू लागते. हा शेवटचा प्रश्न मात्र आधी फळ्यावर लिहून ठेवावा लागतो, नाहीतर मुले 'तेरा का तीस?' म्हणून मोकळी होतात. फळ्यावर तीनच वाक्ये पुरतात: 'हाऊ मेनी डेज फ्रॉम सुएझ टू बॉम्बे?', 'बाय रेल ऑर बाय स्टीमर?' आणि वरचे तेरा-तीसचे. दहा वाक्ये लिहिली की मुले ती वाचत बसतात, बोलत नाहीत. दुसरी हमखास अडचण म्हणजे कागद दाखवून टाकणे. दोघांच्या मध्ये दप्तर उभे केले की निम्मी चोरी थांबते. कागद हातात न देता पुस्तकाच्या आतल्या बाजूला टाचणीने लावला की उरलेली निम्मी. मुले काम करत असताना शिक्षकाने मध्ये पडून व्याकरण सुधारू नये. ऐकू आलेल्या चुका चिठ्ठीवर टिपून घ्याव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत, नाव न घेता, त्यांतल्या तीन-चारच फळ्यावर घ्याव्यात.

यापुढचा तास फॉगच्या वहीचा. तो प्रवासाची नोंद अगदी कारकुनी पद्धतीने ठेवतो: बुधवार २ ऑक्टोबर, रात्री ८.४५ ला लंडन सोडले. गुरुवारी सकाळी ७.२० ला पॅरिस, ८.४० ला पॅरिस सोडले. शुक्रवारी सकाळी ६.३५ ला ट्यूरिन, ७.२० ला पुढे. शनिवारी दुपारी ४ ला ब्रिंदिसी. ५ वाजता 'मंगोलिया' बोटीवर. बुधवार ९ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता सुएझ. या तुटक नोंदींची पूर्ण वाक्ये करायची. भूतकाळ आणि 'ऑन', 'ॲट', 'इन' यांचा यापेक्षा चांगला सराव कोणत्याही गाइडात नाही. 'ही रीच्ड टू पॅरिस' हे वाक्य निम्म्या वह्यांत सापडणार हे धरून चालावे आणि त्यासाठी 'रीच्ड' व 'अराइव्हड इन' असे दोन रकाने फळ्यावर आधीच आखावेत. शेवटी एकूण तास मोजायला सांगावे. घड्याळाच्या काट्यांवर हिशेब येतो ६ दिवस, १४ तास आणि १५ मिनिटे. फॉग तो साडेसहा दिवस धरतो. एखादे चौकस मूल विचारेलच की सुएझचे ११ म्हणजे लंडनचे किती. त्याला थांबायला सांगावे. त्याचा तास पुढे आहे.

हत्तीच्या प्रकरणाला नाटुकले म्हणून सगळेच हात घालतात आणि बहुतेक ठिकाणी ते फसते. कियूनी या हत्तीसाठी फॉग आधी तासाला १० पौंड भाडे देऊ करतो, मग २०, मग ४०. मालक नाही म्हणतो. मग विकत मागतो: १,०००, १,२००, १,५००, १,८०० आणि २,००० ला सौदा ठरतो. वर्गात काय होते? खरेदीदार 'टेन पाउंड्स' म्हणतो, विकणारा लाजून 'यस' म्हणतो आणि खेळ अर्ध्या मिनिटात संपतो. म्हणून विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर गुप्त किंमत हवी, तिच्या खाली सौदा करायचा नाही. शिवाय होकारापूर्वी तीन कारणे द्यायची सक्ती हवी: 'ही इज यंग', 'ही इज फास्ट', 'देअर इज नो ट्रेन'. खरेदीदाराच्या चिठ्ठीवर वरची मर्यादा, आणि दर वाढवताना प्रत्येक वेळी एक नवे वाक्य. तिसरे मूल म्हणजे फॉगचा सहप्रवासी सर फ्रान्सिस क्रोमार्टी. कादंबरीत तो फॉगला बाजूला घेऊन 'जरा विचार कर' म्हणतो. वर्गात त्याने प्रत्येक बोली लिहून घ्यायची आणि दोनदा खरेदीदाराला अडवायचे. गटागटांत गुप्त किंमत वेगळी ठेवावी: कुठे १,५००, कुठे १,८००. एका गटात मुद्दाम विकणाऱ्याची किंमत खरेदीदाराच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवावी. सौदा न होणे हेही संभाषणच आहे, आणि सगळ्यात जास्त इंग्रजी बहुधा त्याच गटात बोलले जाते. सहा मिनिटांवर टाळी वाजवून थांबवावे.

या भागात महाराष्ट्रातल्या मुलांना एक खास फायदा आहे. फॉगची गाडी ठाणे, कल्याण ओलांडून घाट चढते, मालेगावचा मुलूख मागे टाकून बऱ्हाणपूरला थांबते. तिथे फॉगचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो, कारण मलबार हिलच्या देवळात बुटांसह शिरल्यामुळे त्याचे बूट गेलेले असतात. गावांची नावे जुन्या इंग्रजी स्पेलिंगात आहेत. ती वाचून रेल्वेच्या नकाशावर बोट ठेवायला सांगावे. वेगळे शब्दार्थ द्यावे लागत नाहीत. मग लोहमार्ग खोल्बी नावाच्या खेड्यात संपतो आणि अलाहाबादपर्यंतचे ५० मैल हत्तीवरून जावे लागते. खोल्बी हे व्हर्नने कल्पिलेले गाव. खरे तर मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे मार्ग १८७० मध्येच जबलपूरला जोडले गेले होते, म्हणजे १८७२ च्या फॉगला हत्तीची गरजच नव्हती. नववीच्या मुलांना हे सांगून 'व्हाय डिड द रायटर नीड द एलिफंट?' असा प्रश्न टाकावा. दोन वाक्यांची उत्तरे येतात, पण ती पाठ केलेली नसतात.

आता घड्याळ. पासपार्तूचे घड्याळ लंडनच्या वेळेवरच चालते. सुएझला गुप्तहेर फिक्स त्याला सांगतो की ते दोन तास मागे आहे, प्रत्येक देशात दुपारी बाराला जुळवून घे. पासपार्तू म्हणतो, मग सूर्यच चुकत असेल. हा संवाद आठ-दहा ओळींचा आहे आणि पाठ करून घेण्याजोगा एकमेव भाग तोच. त्याला जोडून रेखांशाचे गणित: एका अंशाला ४ मिनिटे, १५ अंशांना एक तास. मुंबई सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्वेला, म्हणजे लंडनच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. जुनी 'मुंबई वेळ' हीच. आजची भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांवरून, म्हणून साडेपाच तास. भूगोलाच्या शिक्षकांनी हा तास वाटून घेतला तर उत्तम. वाक्यरचना मात्र ठरलेली असावी: 'व्हेन इट इज नून इन लंडन, इट इज ... इन बॉम्बे.'

पण ३६० अंशांचे २४ तास होतात हे गणित पटले तरी पूर्वेकडे जात राहिलेल्या फॉगला शेवटी जो एक अख्खा दिवस जास्तीचा मिळतो तो कुठून आला हे मुलांना पटत नाही, मोठ्यांनाही पटत नाही. ते फळ्यावर समजावत बसू नये, मैदानात न्यावे. खडूने दहा-बारा पावले रुंदीचे वर्तुळ काढा. त्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आठ मुले उभी करा: लंडन, सुएझ, बॉम्बे, कलकत्ता, हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क. कोष्टकाच्या आठ टप्प्यांचे हे आठ थांबे. एक मूल सूर्य, एक फॉग. दोघेही लंडनपासून निघतात. निघतानाची भेट मोजायची नाही. फॉग पुढच्या थांब्यावर, म्हणजे सुएझला जाऊन उभा राहतो. सूर्य उलट्या दिशेने, न्यूयॉर्ककडून, थांब्याथांब्याने चालत येतो. ज्या थांब्यासमोर तो येईल ते मूल म्हणते, 'इट इज नून इन न्यूयॉर्क.' सूर्य फॉगपाशी पोहोचला की फॉग म्हणतो, 'माय डे वन', आणि लगेच एक थांबा पुढे सरकतो. सूर्य लंडनसमोरून गेला की लंडन म्हणते, 'अवर डे वन.' असे फॉग लंडनला परत येईपर्यंत. फॉगचे दिवस भरतात ८, लंडनचे ७. कादंबरीत हेच आकडे ८० आणि ७९ आहेत.

हा खेळ तीन ठिकाणी बिघडतो. सूर्य फॉगपाशी थांबून राहतो आणि मग कोणत्या दिशेला जायचे ते विसरतो; म्हणून त्याच्या हातात बाणाचा पुठ्ठा द्यावा. फॉग चुकून सूर्याच्याच दिशेने सरकतो. मग सूर्य त्याच्या पाठोपाठ चालत राहतो, फॉग आठ दिवस मोजतो आणि लंडन एकच. ही चूक झाली तर लगेच थांबवू नये, पूर्ण फेरी होऊ द्यावी, कारण दिशेचे महत्त्व त्याशिवाय कळत नाही. तिसरी अडचण म्हणजे लंडन मोजायला विसरते. लंडनच्या भूमिकेला वर्गातले सगळ्यात सावध मूल द्यावे आणि बोटांवर मोजायला सांगावे. शिवाय विज्ञानाच्या शिक्षकांना आधीच कल्पना द्यावी, नाहीतर सूर्य पृथ्वीभोवती फिरवल्याबद्दल शिक्षकखोलीत तक्रार येते. खेळ संपल्यावर मुलांनाच विचारावे: 'हू वॉज रिअली मूव्हिंग?'

दहावीच्या हुशार मुलांसाठी यातूनच एक प्रश्न निघतो. पॅसिफिकवर फॉगची तारीख एक दिवस पुढे गेली होती, तर ११ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोहोचून 'चायना' बोट पाऊण तासाने कशी चुकली? न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी १० तारीख असायला हवी होती, आणि बोट धक्क्याला. व्हर्नच्या हिशेबातली ही फट आहे. लेखकाला चुकीत पकडण्यासाठी मुले जेवढे इंग्रजी लिहितात तेवढे त्याचे कौतुक करण्यासाठी लिहीत नाहीत.

आउदा सतीच्या चितेवर असते तो प्रसंग आला की काही शिक्षक पाने उलटतात, काही रंगवून सांगतात. दोन्ही नको. सतीवर कंपनी सरकारने १८२९ मध्ये बंदी घातली होती. कादंबरीतली आउदा मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी आहे आणि पारशी धर्मात सती नाही. म्हणजे फ्रान्समध्ये बसलेल्या लेखकाने ऐकीव गोष्टी एकत्र शिवल्या. एक परिच्छेद वाचून त्यातल्या सहा वाक्यांवर 'ट्रू', 'नॉट ट्रू' आणि 'कान्ट से' असे शिक्के मारायला लावावे, प्रत्येक शिक्क्याला 'बिकॉज'ने सुरू होणारे कारण जोडून. अमेरिकेतल्या गाडीवर सू या मूलनिवासी जमातीचे लोक हल्ला करतात त्या प्रसंगालाही हीच कसोटी लावावी; आपल्याबद्दल चुकीचे लिहिले तेवढेच खटकले, असा धडा मुलांनी घेऊ नये. हाँगकाँगचा अफूचा अड्डा आठवीला गाळला तरी चालतो, 'फॉगची बोट चुकू नये म्हणून पासपार्तू जागा राहायला हवा होता, फिक्सने त्याला गुंगी आणली' एवढे सांगणे पुरते.

शेवटाकडे हिशेबाचा एक तास ठेवावा. फॉगने पिशवीत २०,००० पौंड घेतले होते आणि वाटेत सुमारे १९,००० खर्च केले: हत्ती २,०००, कलकत्त्याच्या कोर्टात दोघांचा जामीन २,०००, 'हेन्रिएटा' बोट ६०,००० डॉलर. पैज २०,००० पौंडांची. मग नफा किती? उरलेले हजार तो पासपार्तू आणि फिक्स यांना वाटून टाकतो, पण पासपार्तूच्या वाट्यातून, त्याच्या विसरण्यामुळे खोलीत जळत राहिलेल्या गॅसचे पैसे कापतो: १,९२० तास. हा आकडा कुठून आला हे मुलांना शोधू द्यावे. ८० गुणिले २४ सापडले की लगेच हात वर होतात, आणि तेवढ्यात एखाद्याला सुचते की तो तर ७९ दिवसांत आला होता. ही संधी शिक्षकाने सोडू नये.

एक सूचना वेळापत्रकाची. फॉग २ ऑक्टोबरला निघतो आणि २१ डिसेंबरला त्याची मुदत संपते. 'ल ताँ'मधली लेखमालाही ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर अशी चालली होती, म्हणजे पॅरिसचे वाचक जवळपास त्याच्या बरोबरीनेच प्रवास करत होते. आपल्या दुसऱ्या सत्राला ते चांगले जुळते. वर्गात जगाचा नकाशा लावून तारखेप्रमाणे टाचणी सरकवावी: २० ऑक्टोबर मुंबई, २५ कलकत्ता, ६ नोव्हेंबर हाँगकाँग, १४ योकोहामा, ३ डिसेंबर सॅन फ्रान्सिस्को. गांधी जयंतीच्या सुट्टीमुळे पैजेचे प्रकरण १ ऑक्टोबरलाच वाचून घ्यावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत टाचणी अडकते. तेवढ्या तारखांची चिठ्ठी मुलांना घरी द्यावी आणि परतल्यावर 'व्हेअर वॉज ही ऑन...?' असे विचारत नकाशा पुढे न्यावा. शेवटचे प्रकरण मात्र आधी कोणाच्या हाती लागू देऊ नये. चित्रपट पाहिलेली मुले 'तो जिंकतो' म्हणून ओरडतातच, त्यांना 'हाऊ?' एवढेच विचारावे. आणि ज्या वर्षी २१ डिसेंबरला रविवार येईल त्या वर्षी हे प्रकरण खुशाल २० तारखेला वाचावे. फॉग खरा लंडनला पोहोचला होता तो २० लाच.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही माध्यमिक शिक्षक,
नाशिक